नसलेली पाखरे

मित्रांनो, मी तुमच्या मुठीत मावेन एवढाच आहे. अंग लोखंडाचे आहे. त्यावर निकेलचा चकचकीत मुलामा होता, तो अंगठा टेकतो त्या जागी पार उडाला आहे. तोंडावर चार छोट्या खिडक्या आहेत. डोक्यावरची कळ दाबली की ‘टिक’ असा आवाज होतो आणि शेवटच्या खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. मला एवढेच येते. मी एक जुना मोजणीचा काउंटर आहे. आमच्या किनाऱ्यावर मला टिकटिक्या म्हणतात. माझी गोष्ट मला मान वर करून सांगता येणार नाही, कारण मी खोटे बोललो आहे. तेही एकदा नव्हे, लागोपाठ तीन वर्षे.

माझा जन्म एका बंदराच्या शहरात, पत्र्याच्या लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या बाया आमच्या पोटात दातेरी चाके बसवत आणि प्रत्येकाला शंभर वेळा टिकटिकवून बघत. माझ्याबरोबरचे बहुतेक भाऊ गोदामांत तांदळाची पोती मोजायला गेले. काही फेरीबोटींच्या धक्क्यावर माणसे मोजू लागले. मी मात्र व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावर, कॉन माय नावाच्या खाजणात आलो. तिथे नदी समुद्राला मिळते. आधी कांदळवन लागते, त्यापुढे मैलभर चिखल, आणि चिखलाच्या टोकाला सुरूची झाडे असलेला वाळूचा दांडा. हे सगळे सरकारने पाखरांसाठी राखून ठेवले होते. तिथले राखणदार ख्येमकाका यांच्या हाती मला देण्यात आले.

ख्येमकाका पूर्वी मासेमारी करत. बोलणे कमी, पण नजर घारीची. खरे काम वर्षातून पंधरा दिवसांचे असे. तेतचा सण, म्हणजे तिथले नवे वर्ष, आटोपले की त्या किनाऱ्यावर भुरभुर पाऊस सुरू होतो. भिंतींना घाम सुटतो, दोरीवरचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. माणसे कंटाळतात, पण पाखरांना त्याच दिवसांत उत्तरेचे वेध लागतात. हिवाळाभर तिथे राहिलेली आणि दक्षिणेकडून आलेली पाखरे दांड्यावर जमतात, चिखलातले किडे आणि इवले शिंपले खाऊन अंगावर चरबी चढवतात, आणि एक दिवस सकाळी उठून निघून जातात. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा सगळी पाखरे दांड्यावर दाटीवाटीने उभी राहतात. मोजायची ती वेळ.

काका बांबूच्या मचाणावर बसत. डावा हात दुर्बिणीवर, उजव्या हातात मी. चमच्यासारख्या चपट्या चोचीचे पांढरे चमचे, लांब वाकड्या चोचीचे कुरल, पायात चाके असल्यासारखे पळणारे चिखल्ये. माझ्या चारी खिडक्यांत नऊ आले की पुढच्या टिकीला सगळीकडे शून्य. मग काका एक शिंपला डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकत आणि पुन्हा सुरू करत. त्या चांगल्या वर्षांत एका दुपारी दोन-दोन शिंपले खिसा बदलत. माझी चाके गरम होत. मला फार अभिमान वाटे.

काकांचे कौतुकही खूप झाले. कुठलासा मोठा पक्षितज्ज्ञ आला होता. तो तीन दिवस स्वतंत्रपणे मोजत बसला, आणि त्याचा आकडा काकांच्या आकड्यापेक्षा फक्त चाळीसने वेगळा निघाला. त्याने काकांना वाकून नमस्कार केला. खाजणाच्या सरकारी कचेरीत त्यांचे प्रशस्तिपत्र लागले. गावात लग्न असले की लोक चटईवर मूठभर भाजलेल्या कलिंगडाच्या बिया फेकत. “बोला ख्येमदादा, किती?” काका एकदाच बघत आणि सांगत. मग दहा जण वाकून बिया मोजत. एखादीचा फरक पडला तर पडला. काकांची बायको लुआकाकू पदार्थ वाढता वाढता म्हणे, “यांना बिया दिसतात, घरातलं संपलेलं मीठ तेवढं दिसत नाही.” सगळे हसत.

मग काकांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा चढू लागला.

हे सगळ्यांत आधी लुआकाकूला कळले. काका चहा ओतताना पेल्याच्या कडेला सांडू लागले. माशातले काटे त्यांना दिसेनात. काकू काही न बोलता काटे काढून मगच त्यांच्या भातावर मासा ठेवू लागली. एकदा मात्र तिने विषय काढला.

“अहो, जिल्ह्याला जाऊन डोळे दाखवून या ना. हल्ली सगळे मोतीबिंदू काढून घेतात. दुसऱ्या दिवशी घरी.”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?”

“मी कुठं म्हटलं धाड भरलीय?”

“मग? उद्या गावभर होईल, ख्येमला दिसत नाही. मचाणावर कोण बसवेल मला?”

 काकू काटे काढत राहिली.

पहिले खोटे फार लहान होते. धुक्याची दुपार होती. दांड्यावर काकांना नुसता करडा पट्टा दिसत होता. त्यांनी दुर्बीण पुसली, पुन्हा पुसली. मग ते पुटपुटले, “गेल्या वर्षीएवढीच आहेत,” आणि त्यांचा अंगठा चालू लागला. समोर बघून नव्हे, आठवणीतून. टिक, टिक, टिक. मला कळत होते. मोजणारा अंगठा अडखळतो, थांबतो, मागेपुढे होतो. हा अंगठा लांबच्या रस्त्याने घरी चालल्यासारखा एका लयीत चालला होता.

तुम्ही म्हणाल, तुझा काय दोष, तुला दाबले तसा तू फिरलास. मीही बरीच वर्षे तेच म्हणत आलो. पण खाऱ्या वाऱ्यात माझ्यासारखे दोन वर्षांत गंजतात, अडकतात, चाके बसतात. मी कधी अडकलो नाही, याचाच मला तोरा होता. त्या दिवशी एकदा जरी अडकलो असतो, तर काकांनी मान वर करून पाहिले असते. मी अडकलो नाही. गुळगुळीत चाललो.

दुसऱ्या वर्षी काकांना थोडा धीर आला, कारण त्यांना पांढरे चमचे दिसू लागले होते. दांड्याच्या पलीकडे, उथळ पाण्याच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची लांब रांग. काका खूश झाले. “बघ, आहेत की,” ते मला म्हणाले. त्यांनी ते एकेक करून मोजले. अगदी प्रामाणिकपणे मोजले. त्या वर्षी चमच्यांचा आकडा वाढला. तिसऱ्या वर्षी आणखी वाढला.

त्याच वर्षांत खाजणात दुसरे एक काम जोरात चालले होते. बड्या लोकांनी शिंपल्यांची शेती सुरू केली होती. ते चिखलात बांबू रोवत, जाळ्यांची कुंपणे घालत आणि शिंपले चांगले पोसावेत म्हणून चिखलावर बोटीबोटीने वाळू ओतत. वाळूखाली पाखरांचे खाणे मरते. दरवर्षी त्यांचा अर्ज कचेरीत येई, की आणखी थोडा चिखल द्या. आणि दरवर्षी कचेरीचे प्रमुख दोआन साहेब माझा आकडा बघत. पाखरे कमी झालेली नाहीत ना? मग द्यायला काय हरकत आहे? असे करत पूर्वेचा चिखल गेला, दक्षिणेचा गेला. चौथ्या वर्षी फक्त उत्तरेचा पट्टा उरला होता, आणि त्याच्यासाठीही अर्ज आला.

गावात हेन नावाची एक बाई होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा वारलेला. लहानपणापासून ओहोटीला चिखलात उतरून हाताने शिंपले काढायचे, हेच तिचे पोट. एक दिवस चहाच्या टपरीवर काका हुक्का ओढत बसले होते. मी त्यांच्या गळ्यात होतो. हेन टोपली टेकवून सरळ म्हणाली, “ख्येमदादा, पाखरं राहिली नाहीत हो. पूर्वी मी वाकले की पायाशी पळायची. या वर्षी अख्ख्या महिन्यात पाच-पन्नास बघितली असतील.”

 काकांचा चेहरा लाल झाला.

“माझ्या खिशात आकडा आहे,” ते म्हणाले.

“आकडा असेल. पाखरं नाहीत.”

“हेन, तू शिंपले मोज. पाखरं मोजायला लिहितावाचता यावं लागतं.”

लोक खो खो हसले. एकाने तर टेबलावर बिया फेकल्या आणि म्हणाला, “मोज गं हेन, किती आहेत?” हेनने टोपली उचलली आणि ती निघून गेली. तिला लिहितावाचता येत नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते. काकाही हसले, पण मला त्यांच्या छातीची धडधड ऐकू येत होती. आपण कुणाला गप्प केले, हे त्यांना त्या क्षणीही थोडेसे कळले असावे. मला तर पुरतेच कळले होते.

उत्तरेच्या पट्ट्याचा निर्णय करायला सभा ठरली. सभेच्या चार दिवस आधी मोजणी करायची होती. काकांना दांड्यावर नेणारा होडीवाला तापाने पडला. धक्क्यावर होडी घेऊन उभी होती फक्त हेन.

“चला,” ती म्हणाली. “तुमचं काम अडायला नको.”

हेन होडी वल्हवत दांड्याकडे निघाली. भुरभुर चालू होती. होडीवाला नेहमी होडीतच झोपून राही. हेन मात्र काकांच्या पाठोपाठ मचाणावर चढली आणि मागे उकिडवी बसली. काकांनी दुर्बीण लावली. मला मुठीत धरले. भरती चढली होती.

टिक. टिक. टिक. टिक.

माझ्या खिडक्यांत तीनशे बारा आले तेव्हा हेन हळूच म्हणाली, “दादा, कुणाला मोजताय?”

“गप. चुकेल.”

“दादा, तिथं कुणी नाही.”

“ते काय, पांढरे! पाण्याच्या कडेला. चमचे आहेत.”

 हेनने काकांच्या हातावर हात ठेवला. तिचा हात चिखलाने फाटलेला होता. माझ्या कळीवर आता दोन अंगठे होते.

“ते थर्माकोलचे तुकडे आहेत,” ती म्हणाली. “कुंपणाच्या जाळ्यांना बांधलेले. भरतीला वर येतात.”

काकांनी दुर्बीण खाली ठेवली. ते मचाणावरून उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेले, तसेच, कपड्यांनिशी. मी गळ्यात होतो, माझ्या पोटात खारे पाणी शिरले. त्यांनी हात लांब करून पहिल्या पांढऱ्या ठिपक्याला हात लावला. तो उडाला नाही. त्यांनी दुसऱ्याला लावला. मग तिसऱ्याला. त्या थंड पाण्यात त्यांनी सोळा तुकड्यांना हात लावून बघितला, आणि मग ते तिथेच उभे राहिले. ज्या कुंपणांनी पाखरांचे खाणे हिरावले, त्याच कुंपणांचे तुकडे आम्ही पाखरे म्हणून मोजले होते. कुंपणे वाढत गेली, तसतशी आमची पाखरे वाढत गेली होती.

हेनने त्यांना हाताला धरून बाहेर आणले. परत येताना काका म्हणाले, “सांगशील सगळ्यांना?”

“मी कशाला सांगू? मला कुठं लिहितावाचता येतं?” ती वल्हे मारत म्हणाली. मग मऊ आवाजात, “तुम्ही सांगा दादा. तुम्ही सांगितलं तरच खरं वाटेल.”

चार दिवस काकांनी मला तांदळाच्या डब्यात लपवून ठेवले. माझ्या खिडक्यांत तीनशे बारा तसेच होते. काकूला डब्यात हात घालताना मी लागलो. तिने मला बाहेर काढले, पुसले आणि अर्धवट राहिलेला आकडा वाचला. मग तिने काकांकडे पाहिले. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. “मी येते सभेला,” एवढेच ती म्हणाली.

सभागृह भरले होते. दोआन साहेबांनी विचारले, “ख्येमकाका, या वर्षीचा आकडा?”

काका उठले. मी त्यांच्या गळ्यातल्या दोरीवर लोंबत होतो.

“आकडा नाही,” ते म्हणाले. “साहेब, मला दिसत नाही. तीन वर्षं झाली, दिसत नाही. पहिल्या वर्षी मी आठवून मोजलं. पुढची दोन वर्षं छोटी पाखरं आठवून आणि पांढरी... पांढरी म्हणून मी कुंपणाचं थर्माकोल मोजलं.”

क्षणभर कुणाला काही कळलेच नाही. मग मागून कुणीतरी फस्सकन हसले, आणि सगळे सभागृह हसू लागले. शिंपल्यांच्या शेतीचा एक मालक ओरडला, “काका, आमच्याकडं अजून शंभर तुकडे पडलेत, पुढच्या वर्षी तेही मांडून ठेवतो!” काका उभेच राहिले. हसू थांबेपर्यंत थांबले. मग त्यांनी हेनकडे बोट केले.

“ही मला सांगत होती. मी तिला चारचौघांत अडाणी म्हटलं. ती खरं बोलत होती आणि मी प्रशस्तिपत्र लावून खोटं बोलत होतो. हेन, माझं चुकलं.”

हेन खाली बघत राहिली. आता कुणी हसत नव्हते.

मित्रांनो, अशा गोष्टींत पुढे सगळे चांगले होते, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. उत्तरेचा पट्टा तेवढा वाचला. नव्याने मोजणी होईपर्यंत तो कुणाला द्यायचा नाही असे ठरले. पण पूर्वेचा आणि दक्षिणेचा चिखल वाळूखाली गेला तो गेलाच. आठवड्याने तीन माणसांनी मिळून मोजणी केली. पांढरे चमचे अकरा भरले. छोटी पाखरे सातशेच्या आत. त्या दिवशी माझ्या पहिल्या खिडकीतले शून्य हललेच नाही. काकांचे प्रशस्तिपत्र उतरवले गेले. भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिला. रस्त्याने जाताना पोरे “थर्माकोलकाका!” म्हणून ओरडत आणि पळत. काकू त्यांच्यामागे झाडू घेऊन धावे. काका म्हणत, “राहू दे. खरंच आहे ते.”

पावसाळ्याआधी काकांनी डोळ्यांचे ऑपरेशन करून घेतले. डॉक्टरने पट्टी काढली तेव्हा काकांनी आधी काकूकडे पाहिले आणि म्हणाले, “केस किती पांढरे झाले गं तुझे.” “तुमच्यापायी,” काकू म्हणाली, आणि दोघेही डोळे पुसू लागले. डॉक्टर रागावला, डोळ्यांना हात लावू नका म्हणून.

पुढच्या वर्षी तेत आटोपल्यावर काका पुन्हा दांड्यावर गेले. त्यांना आता मोजणीचा अधिकार नव्हता. मोजायला हेन होती. कचेरीने तिला आकडे वाचायला शिकवले होते, आणि पाखरे तर ती आमच्या सगळ्यांआधीपासून ओळखत होती. काका तिच्या मागे उकिडवे बसले, जसे ती पूर्वी बसली होती. त्यांना आता लांबचे लख्ख दिसत होते. त्यामुळे तो दांडा किती रिकामा होता तेही लख्ख दिसले. ते एकदा बघून खाली मान घालून बसले. मी हेनच्या हातात होतो. तिचा अंगठा अडखळत होता, थांबत होता, पुन्हा चालत होता. माझ्या गंजक्या पोटाला कित्येक वर्षांनी बरे वाटले.

वाकड्या चोचीच्या कुरलांची मोजणी झाली. एकशे त्र्याण्णव.

दोआन साहेब स्वतः आले होते. वर कळवायचा अहवाल त्यांच्या मांडीवर होता. ते म्हणाले, “एकशे त्र्याण्णव? दोनशे लिहू या. दिसायला बरं दिसतं. उत्तरेचा पट्टा राखायचाय तर आकडा जरा भरीव हवा. पाखरांच्याच भल्याचं आहे ना?”

हेनने काकांकडे पाहिले. वर्षभरात काकांनी पाखरांबद्दल कुणाशी एक शब्द काढला नव्हता. ते उठले.

“साहेब, ती सात पाखरं कुठायत?”

“म्हणजे?”

“मला दाखवा. मला आता दिसतं. कुठं उभी आहेत ती सात?”

साहेब कसनुसे हसले. “अहो काका, सातानं काय होतंय?”

“मीही भल्यासाठीच केलं होतं,” काका म्हणाले. “आधी माझ्या, मग मला वाटलं पाखरांच्याही. पाखरं भरपूर आहेत म्हटल्यावर कुणाला त्यांची काळजी करायचं कारणच उरलं नाही. मी नसलेली पाखरं लिहिली आणि त्यापायी असलेली गेली. त्यातली किती वाटेत उपाशी पडली असतील, ते मला कधीच मोजता येणार नाही. साहेब, ती नसलेली सात लिहू नका. पाया पडतो.”

आणि ते खरोखरच वाकले. साठीला आलेला माणूस, मचाणाच्या ओल्या बांबूंवर. हेनने चटकन त्यांना धरले. दोआन साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी पेन काढले, एकशे त्र्याण्णव लिहिले आणि कागद हेनला दाखवला. हेनने एकेक आकडा बोट ठेवून वाचला आणि मान हलवली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुम्हाला दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. येत नसेल तर येत नाही म्हणा. कुणी चिखलातून उठून येऊन तुम्हाला खरे सांगितले, तर त्याच्या हातांकडे बघून हसू नका. माझ्यासारखी निर्जीव वस्तू नाही म्हणू शकत नाही. तुमच्या अंगठ्याला मात्र थांबता येते. आणि जे थोडे उरले आहे, ते थोडे आहे म्हणून त्याला झाकू नका. थोडे आहे हे कळले, तरच कुणी ते सांभाळायला उठेल.

त्या दुपारी भरती उतरताना कुरल उठले. सगळे एकदम नाही, आधी थोडे, मग बाकीचे. दांड्यावर एक घिरटी घालून त्यांनी उत्तरेची वाट धरली. हेनने मला बाजूच्या खुंटीने शून्यावर आणले आणि जाणाऱ्यांना पुन्हा मोजू लागली. काका तिच्या शेजारी उभे राहून, ओठ न हलवता, मनातल्या मनात मोजत होते. शेवटचे पाखरू धुक्यात शिरले तेव्हा तिने विचारले, “किती?”

“तू सांग आधी,” काका म्हणाले.